सप्तर्षी डावीकडे ठेवून

होमरच्या ‘ओडिसी’ या 24 सर्गांच्या महाकाव्याचा नायक ओडिसियस पाचव्या सर्गापर्यंत आपल्या दृष्टीसच पडत नाही. आणि पडतो तेव्हा, ट्रॉयच्या युद्धात कीर्ती मिळविलेला हा वीर ओगिगिया बेटाच्या किनाऱ्यावर, अफाट समुद्राकडे डोळे लावून, रडत बसलेला असतो. कॅलिप्सो या देवतेने 7 वर्षे त्याला तेथे ठेवून घेतले आहे. द्राक्षवेलींनी लगडलेली गुहा, स्वच्छ झरे, आणि या सर्वांवर कळस म्हणजे जरामरणातून कायमची सुटका देऊ करणारी अमरत्वाची सनद! देवराज झ्यूसच्या हुकुमामुळे त्याची रवानगी करणे भाग पडल्यावर, आपण त्याच्या पत्नीहून, पेनेलोपीहून, रूपाने उणी नाही, असे ती त्याला सुनावते. तो ते निमूटपणे मान्य करतो. पेनेलोपी मर्त्य आहे, रूपानेही उणी आहे, तरी मला घरीच जायचे आहे, असे सांगतो. या उत्तरातील निर्व्याज प्रामाणिकपणा मला त्याच्या साऱ्या पराक्रमाहून मोलाचा वाटतो. कारण ते घर म्हणजे तरी काय? इथाका: घोडदौडीला मैदान नसलेला, शेळ्यांना मानवणारा खडकाळ मुलूख! त्यासाठी तो 20 झाडे तोडून तराफा बांधतो आणि 17 दिवस, डोळ्याला डोळा न लावता, कृत्तिकांकडे पाहत, सप्तर्षी डावीकडे ठेवून सुकाणू धरून बसतो.