कपोताची गोष्ट आणि काटोलचे एक काका



आजचं वाचन एकनाथी भागवताच्या सातव्या अध्यायातलं. अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतोय आणि त्यातला एक आहे कपोत, म्हणजे आपलं साधं कबुतर. गोष्ट छोटी आहे. झाडावर घरटं, कपोत-कपोतीचं एकमेकांवर जीवापाड प्रेम, मग पिल्लं, त्यांचं किलबिलणं. एके दिवशी दोघं चारा आणायला जातात आणि मागे पारधी पिल्लांना जाळ्यात पकडतो. परत आलेली आई ते बघते आणि रडत जाळ्यात शिरते. कपोत बाहेर उभा राहून विलाप करतो, आता जगून काय करू म्हणतो, आणि तोही आत उडी घेतो. पारध्याचं काम झालं, तो घरी गेला.

ही गोष्ट ऐकून आपल्यापैकी बरेच जण गुपचूप अस्वस्थ होतात. कारण आपण सगळे त्या घरट्यातलेच! ईएमआय, आईची शुगर, मुलाची ॲडमिशन. मग काय, संसारावर प्रेम करणं हाच गुन्हा?

हा प्रश्न मला नुकताच फार थेट विचारला गेला. काटोलला एका ओळखीच्या घरी तेरवीला गेलो होतो. काटोल नागपूरपासून साठेक किलोमीटरवर, सगळा संत्र्याचा मुलूख. गेलेले काका बागवाले. आंबिया बहार, मृग बहार, बागेला ताण कधी द्यायचा, पाणी कधी सोडायचं, याच्यातच आयुष्य गेलं त्यांचं. पंगतीत एक आजोबा म्हणाले, "लय संसारी माणूस होता जी." कौतुकानेच म्हणाले. पण काकांची मुलगी, पुण्यात नोकरी करते, तिला ते लागलं.

दहा दिवस घरात भागवत वाचलं होतं. ती मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, बाबा कधी तासभर पूजेला बसले नाहीत. शेवटचं बोलले तेही काय, तर 'आईच्या गोळ्या दिल्या का?' आणि सतराव्या अध्यायात तर लिहिलंय की घरच्यांची काळजी करत जो मरतो तो अंधारात जातो. मग माझे बाबा कुठे गेले?"

काय सांगणार? मरणाऱ्या माणसाच्या मनात काय होतं ते मला कसं दिसणार? पण एक गोष्ट तिला सांगितली, तीच इथे लिहितो. तू जे वाचलंस ते मराठीत आणलं कोणी, ते आधी बघ. पैठणच्या एका पक्क्या संसारी माणसाने.

नाथांचं आयुष्य बघा ना. आईवडील लहानपणीच गेले, सांभाळलं आजी-आजोबांनी. कोवळ्या वयात घरी न सांगता देवगिरीला निघून गेले, जनार्दनस्वामींकडे. आता ते गुरू कोण, तर किल्ल्याचा कारभार बघणारे अधिकारी, म्हणजे गुहेत बसलेले नव्हेत. तपश्चर्या झाली, तीर्थयात्रा झाली. परंपरा सांगते की म्हातारे आजोबा स्वामींचं पत्र घेऊन नातवाला शोधत होते. पैठणजवळ गाठ पडली, पत्र हातात दिलं. आज्ञा होती, जिथे हे पत्र मिळेल तिथेच राहा. नाथ तिथेच थांबले. पुढे लग्न केलं, मुलं झाली. गुरूने शिष्याला घरी पाठवलं, हे आपण पटकन वाचून पुढे जातो. मला तर ते चरित्रातलं सगळ्यात मोठं पान वाटतं.

आणि गिरिजाबाई! पावसाच्या रात्री अवेळी पाहुणे आले, लाकडं ओली, तर नाथांनी पलंग मोडून चुलीत घातला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण त्या चुलीवर रांधलं कोणी? नाथांना राग यावा म्हणून एक जण त्या वाढत असताना त्यांच्या पाठीवर बसला, तेव्हा त्या म्हणाल्या म्हणे, हरीला पाठीवर घेऊन काम करायची मला सवय आहे. त्यांच्या नावाने एकही ग्रंथ नाही. असो.

कपोताची गोष्ट आता परत वाचा. त्याने प्रेम केलं, यात दोष नाही. पण उडी मारली तेव्हा त्याने कोणाला सोडवलं? पिल्लं सुटली नाहीत, कपोती सुटली नाही. "माझं गेलं, आता मी कशाला जगू," एवढंच त्याच्या डोक्यात होतं. त्याचं सगळं जग चार जिवांचं, आणि त्या चौघांच्या मध्यभागी तो स्वतः. नाथांच्या घराला मात्र दार होतं, आणि ते उघडं असायचं. श्राद्धाचं अन्न गावाने ज्यांना अस्पृश्य ठरवलं होतं त्यांना आधी वाढलं गेलं, तेही याच घरात.

बरं, घरातही सगळं गोड होतं असं नाही. मुलगा हरिपंडित मोठा विद्वान, त्याला बापाचं मराठी आणि हे जेवणावळींचं वागणं पटेना. रुसून काशीला गेला. नाथ त्याला आणायला गेले. मुलाने अटी घातल्या: मराठीत कथा करायची नाही, परान्न घ्यायचं नाही. विचार करा, अठरा हजारांहून जास्त ओव्यांचं मराठी भागवत ज्यांनी 1573 मध्ये काशीतच पूर्ण केलं, त्यांना ही अट! आणि त्यांनी ती मानली. पुराण मुलगा सांगायला लागला आणि श्रोते हळूहळू गळाले. पुढे एका गरीब बाईच्या घरच्या जेवणाच्या निमित्ताने मुलाचे डोळे उघडले, अशी कथा आहे. पण तोवर नाथ गप्प होते. ज्याला आपण वैराग्य म्हणतो ते मला इथे दिसतं. पोराच्या समोर "मीच बरोबर" हे सोडून देणं किती अवघड आहे, ते घरात वाद झाल्यावर कळतं. जंगलात राहून ही परीक्षा झालीच नसती.

सतराव्या अध्यायातला तो अंधाराचा भागही नीट बघा. तिथला माणूस म्हणतो, माझ्याशिवाय यांचं कसं होणार? पालनकर्ता मीच, हा त्याचा विश्वास. त्याच प्रकरणात गृहस्थाला घरात पाहुण्यासारखं राहायलाही सांगितलंय. पाहुणा प्रेम करतो, हातभार लावतो, पण घर आपल्या नावावर आहे असं समजत नाही.

मी त्या ताईला विचारलं, बाबा "माझ्याशिवाय आईचं कसं होईल" असं म्हणाले का? ती म्हणाली, नाही, फक्त गोळ्यांचं विचारलं. मी म्हटलं, मग ते काम तुझ्या हातात दिलं त्यांनी. दिल्या होत्यास का?

"हो," ती म्हणाली. "हो म्हटल्यावर डोळे मिटले."

मग बराच वेळ ती रडली. तिला बोलावू नका, असं मीच इतरांना खुणेने सांगितलं. नंतर तिनेच सांगितलं की तोडणीच्या दिवसांत बागेतली माणसं जेवल्याशिवाय बाबा ताट घ्यायचे नाहीत. आईची चिडचिड व्हायची, पोळ्या थंड व्हायच्या. पंगतीच्या शेवटच्या रांगेत ती माणसं बसली होती, आणि ती उठून त्यांना वाढायला गेली.

उद्या आठवा अध्याय, अजगरापासून सुरू करू.

जय जय राम कृष्ण हरी.