शेजारच्या घरची कॉफी

मागच्या नाताळात शेजारच्या ख्रिस्ती घरातून बोलावणं आलं, तेव्हा मी आईला घेऊन गेलो. मध्य प्रदेशातल्या आमच्या लोधीखेड्यात चहा रोजचा, कॉफी पाहुण्यांची. वहिनींनी दूध उकळायला ठेवलं, साखर आणि कॉफीची पूड घातली, सहाणेवर जायफळाचे चार वेढे उगाळून त्यात सोडले. स्टीलच्या पेल्यावर फुंकर घालत आई ती प्यायली आणि निघताना जायफळाचं प्रमाण विचारून आली.

घरी मोठेबाबा ओट्यावर बसलेले. म्हणाले, ‘‘आज त्यायच्या घरची कॉफी पेली, उद्या त्यायचा देव घरात आणशीन.’’

मोठेबाबांवर माझा राग नाही. पण हे वाक्य आता आमच्या भागात फार ऐकू येतं. कुणाच्या घरचं घेतलं म्हणजे त्याचा धर्म घेतला, असं त्यात गृहीत धरलेलं असतं. ही समजूत एकाच बाजूची आहे असंही नाही. आपल्या घरचा कप कुणी घेतला की एक आत्मा जवळ आला, असा हिशेब मांडणारे प्रचारकही मी पाहिले आहेत. दोघांचीही चूक एकच: कपावर ते नसलेलं ओझं टाकतात.

या कल्पनेला मोठा इतिहास आहे. येशू जकातदारांच्या पंगतीला बसला म्हणून लोक कुरकुरले. अंत्युखियात परराष्ट्रीयांबरोबर जेवणारा पेत्र टीकेच्या भीतीने बाजूला झाला, तेव्हा पौलाने त्याला तोंडावर बोल लावला. आपल्याकडे एकत्र खायचा पंढरपूरचा काला आहे, एकनाथांच्या पंगतीच्या कथा आहेत. वसई-कोकणात विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याची गोष्ट अजून सांगतात. हे सगळं वाचकांना ठाऊक आहे. मला थांबायचं आहे ते पुण्यात, १८९० साली.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये पुण्यातली प्रतिष्ठित मंडळी व्याख्यानाच्या निमित्ताने जमली. समोर चहा-बिस्किटं आली. डॉ. आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव जोशी यांनी पुढे हजर असलेल्यांची नावं वर्तमानपत्रातून जाहीर केली आणि ग्रामण्य उभं राहिलं. न्यायमूर्ती रानडे त्यात होते, लोकमान्य टिळकही होते. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं झाली. शाळेपासून आपण ही हकिकत हसत हसत ऐकतो: एका कप चहाने धर्म बुडाला म्हणे! मला वाटतं, इथेच सगळे चुकतात.

त्या वादात ख्रिस्ती कोण झालं? त्या चहामुळे कुणीच नाही, आणि ते आरोप करणाऱ्यांनाही ठाऊक होतं. भांडण श्रद्धेचं नव्हतंच. भांडण होतं घराचं. ग्रामण्य म्हणजे बहिष्कार, आणि तो पडतो स्वयंपाकघरावर. श्राद्धाला ब्राह्मण येत नाहीत, लेकीचं लग्न अडतं, सासरी गेलेल्या मुलीला माहेरी पाठवत नाहीत. रानडे स्वतः डगमगणारे नव्हते. मित्रांच्या घरांतली ही कुचंबणा पाहून त्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतलं. म्हणजे कपाचा धाक देवाच्या नावाने घातला गेला, पण त्याची किंमत बायका-मुलींकडून वसूल झाली. यात हसण्यासारखं काय आहे?

आता त्याच दशकातलं दुसरं घर पाहा. कवी नारायण वामन टिळक १८९३च्या सुमारास आमच्या शेजारच्या नागपूरहून राजनांदगावकडे निघाले होते. रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत दिली. सुरुवात पुस्तकाने झाली, कपाने नाही. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंविषयी आपण काय म्हणतो? नवरा गेला, पाठोपाठ बायको गेली. त्यांचं आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ नीट वाचणाऱ्याला हे म्हणता येणार नाही. त्या टिळकांकडे परतल्या तेव्हा ख्रिस्ती झाल्या नव्हत्या. चूल वेगळी, पाणी वेगळं, सोवळं कडक. एका छपराखाली दोन धर्म नांदत होते. मग स्वतःच विचार करता करता त्यांना पटलं की जातिभेद माणसाने केला, देवाने नव्हे. त्या दिवशी त्यांनी शिवाशीव सोडली. पण बाप्तिस्मा? तो नंतर, १९०० साली, ख्रिस्तावर मन बसल्यावर.

हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. दुसऱ्याच्या हातचं पाणी पिणं ही एक पायरी, श्रद्धा ही निराळीच. पहिली चढलं की दुसरी आपोआप येत नाही. लक्ष्मीबाई पहिल्या पायरीवरच थांबल्या असत्या, तरी त्यांचं पाऊल तेवढंच मोठं ठरलं असतं. टिळकांनाही पुढे हे उमगलं असावं. १९१७ साली त्यांनी ‘देवाचा दरबार’ काढला, तो बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही खुला होता.

या वादाचा त्यानंतरचा प्रवास आमच्याच भागातून जातो. ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करणाऱ्या नागपूरच्या नियोगी समितीचा अहवाल १९५६ साली आला, मध्य प्रदेशात १९६८ साली धर्मस्वातंत्र्याचा कायदा झाला, २०२१ साली नवा आला. ‘प्रलोभन’ हा शब्द घरोघरी पोचला. खरं आमिष असेल तर त्याची चौकशी कायद्याने जरूर करावी. पण सणाला दिलेला पेला त्या शब्दाखाली ढकलला, तर गावात शेजार उरणार नाही.

आणि ख्रिस्ती धर्माला तरी कॉफीचा कप काय ठरवतो? त्या धर्मात अर्थ असलेला प्याला एकच, प्रभुभोजनाचा. आणि बहुतेक चर्चांत तो आल्यागेल्या पाहुण्याच्या हाती देत नाहीत, आधी बाप्तिस्मा लागतो. छिंदवाड्याचं ल्युथरन चर्च स्वीडिश मिशनऱ्यांच्या कामातून उभं राहिलं. त्या स्वीडनमध्ये रविवारच्या उपासनेनंतर चर्चमध्येच मिळून कॉफी घ्यायची रीत आहे. तिथेही कॉफी उपासनेची जागा घेत नाही. ती फक्त माणसांना थोडा वेळ एकत्र बसवते.

मोठेबाबांना मी हे सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, ‘‘देव माणूस आपल्या मनानं आणते, मोठेबाबा. कॉफीतून नाही येत.’’ ते काही बोलले नाहीत. आई मात्र आत गेली आणि तिने नेहमीप्रमाणे देवापाशी दिवा लावला.

माझ्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना विनंती आहे, कप पुढे कराल तेव्हा त्यात प्रेमाखेरीज काही मिसळू नका. आणि आपल्या माणसांना सांगणं आहे, नाताळचं बोलावणं आलं तर जा. पेला रिकामा करा, घरी या, आपल्या देवाला हात जोडा. आणि दिवाळीला त्यांना फराळाला बोलवायला विसरू नका.