बापही उशिरा बोलला होता म्हणे!

बसा. आधी त्या लेकराच्या हातातला मोबाइल काढून घ्या, मग बोलू.

तीन वर्षांचं झालं पोरगं, अजून ‘आई’ म्हणत नाही, आणि मला सांगता याचा बापही उशिराच बोलला होता! हळदीच्या पानावर करपा दिसला की त्याच दिवशी वसमतला औषधाला पळता ना? इथं दीड वर्ष काढलंत. आजीबाई, वेखंड उगाळून जिभेला लावलंत, औंढ्याला नागनाथाला नवस बोललात. नवस जरूर फेडा. पण कान कुणी तपासले? भांडं आपटलं की दचकतं, एवढ्यावर ऐकू येतं म्हणून मोकळे झालात. मोठा आवाज ऐकणाऱ्या लेकराला बोलण्यातले बारीक आवाज ऐकू येत नसतील, हे डोक्यात तरी आलं का? कानांची ‘बेरा’ तपासणी लेकरू झोपलेलं असताना होते. त्याला सांगायचं-बोलायचं काही नसतं.

दोन वर्षांपर्यंत गप्प असलेली पुष्कळ मुलं पुढं बोलतात, मान्य. पण तुमचं त्यातलं आहे, हे तोंड बघून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. दोन वर्षांचं लेकरू ‘पाणी दे’ म्हणत नसेल तर तपासून घ्यायचं. हाक मारल्यावर वळत नसेल, बोट दाखवून मागत नसेल, आलेले शब्द गेले असतील, तर वयाकडेही बघायचं नाही, निघायचं. जन्मतः बहिऱ्या लेकराच्या कॉक्लिअर इम्प्लांटसाठी केंद्राच्या एडिप योजनेत वयाची अट 5 वर्षांची आहे. तुमच्या धीरासाठी ती थांबत नाही.

आणि गुरुजी, ताई, डॉक्टर, तुम्ही गालात हसू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे. पथकानं अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा यायचं. ऐकणं-बोलणं त्या यादीत आहे. वजन-उंची लिहून गाडी पुढच्या गावाला गेली, तर त्याला तपासणी म्हणत नाहीत. सेनगाव-कळमनुरीकडची घरं दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला निघतात. ती गेल्यावर तपासणीची तारीख ठेवून ‘लाभार्थी गैरहजर’ लिहिणाऱ्याला काय म्हणावं? अंगणवाडीताईच्या डोक्यावर नोंदींचं ओझं आहे, दिसतं मला. ते कमी करणं वरच्यांचं काम आहे, आणि तिला अशी लेकरं ओळखायला शिकवणंही.

बंजारा तांड्यावरचं लेकरू घरी गोरमाटी बोलतं आणि अंगणवाडीत गप्प बसतं. त्याला मुकं ठरवण्याआधी आईला विचारा, घरी काय काय बोलतं. घरची भाषा बंद करा असलं शहाणपण तर शिकवूच नका. दोन भाषांनी जीभ अडत नाही. आणि डॉक्टर, दोन मिनिटांत ‘ऑटिझम’ म्हणून आईला दाराबाहेर काढू नका. पुढं कुठं जायचं, कुणाला भेटायचं, कोणत्या वारी, हे चिठ्ठीवर मराठीत लिहून द्या.

बोलण्याची थेरपी सुरू झाली तरी बाकीचे दिवस घराचेच. भाकरी थापताना, शेळी बांधताना त्याच्याशी बोला, मग थांबा, त्याला वेळ द्या. पाहुण्यांपुढं ‘म्हण, म्हण’ करून परीक्षा घेऊ नका.

आणि पोराच्या बापा, मान वर कर. ‘हिच्याच माहेरचं असेल’ हे आजपासून बंद. सोमवारी जिल्हा रुग्णालयात लेकराला घेऊन तू जायचंस, बायकोला एकटीला पाठवायचं नाही.