उन्हाचे दोन नकाशे

अंगाला ऊन लागलं नाही तर मुलांना मुडदूस होतो, ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी सर्वमान्य नव्हती. काही डॉक्टर आहाराला दोष देत, काही कोंदट घरांना. या वादातला एक वजनदार पुरावा आपल्या शेजारच्या नाशिकमधून गेला. हचिसन आणि शाह या डॉक्टरांनी तिथल्या घराघरांतलं मुडदुसाचं आणि हाडं मऊ पडण्याचं दुखणं तपासलं आणि 1922 साली ते प्रसिद्ध केलं. खाऊनपिऊन सुखी, पण पडद्यात राहणाऱ्या घरांतल्या मुलीबाळींची हाडं वाकत होती. कोरडी भाकर खाऊन दिवसभर उन्हात राबणाऱ्या गरिबांची मात्र शाबूत होती. थिओबाल्ड पाम या मिशनरी डॉक्टरने 1890 मध्येच सूर्यप्रकाशाचा संबंध सुचवला होता. बर्लिनच्या हुल्डशिन्स्कीने 1919 मध्ये अतिनील किरणांच्या दिव्याने मुडदूस बरा करून दाखवला. 1922 मध्येच मॅककॉलमने कॉडलिव्हर तेलातल्या मुडदूसनाशक घटकाला ‘ड जीवनसत्त्व’ म्हटलं. ऊन, कातडी, ड, हाडं अशी साखळी जुळली आणि विषय संपला असं वाटलं.

त्याच वर्षी अमेरिकेत डेव्हनपोर्ट नावाचे संशोधक पहिल्या महायुद्धातल्या सैन्यभरतीच्या नोंदी चाळत होते. त्यांचा विषय वेगळा होता: मल्टिपल स्क्लेरॉसिस, म्हणजे एमएस. शार्को या फ्रेंच वैद्याने 1868 मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं होतं. वायरीवर जसं प्लास्टिकचं आवरण असतं तसं मज्जातंतूंवर मायलिनचं असतं, आणि या आजारात शरीराची रोगप्रतिकारशक्ती त्यावरच उलटते. एका डोळ्याची नजर जाते, पाय बधिर होतात, तोल जातो. काही आठवड्यांनी बरं वाटतं, पुन्हा झटका येतो. बहुतेकदा ऐन विशी-तिशीत, आणि स्त्रियांत जास्त. डेव्हनपोर्टना दिसलं, की उत्तरेकडच्या राज्यांतल्या तरुणांत हा आजार अधिक आहे.

अशा रीतीने उन्हाचे दोन नकाशे तयार झाले, एक हाडांचा, एक मज्जातंतूंचा. ते एकमेकांवर ठेवून पाहायला पन्नास वर्षं लागली. 1960 मध्ये अॅचेसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की नुसत्या अक्षांशापेक्षा वर्षभरात ऊन किती तास पडतं याच्याशी एमएसचं नातं अधिक घट्ट आहे. 1974 मध्ये पॉल गोल्डबर्ग यांनी थेट ‘ड’चं नाव घेतलं. तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही आणि त्यात नवल नव्हतं, कारण हाडांचं जीवनसत्त्व मेंदूच्या आजारात काय करणार? 1983 मध्ये रोगप्रतिकारक पांढऱ्या पेशींत ‘ड’ला ओळखणारे ग्राहक सापडले, तेव्हा त्या प्रश्नाला उत्तर मिळू लागलं. 1996 मध्ये कँटोर्ना, हेज आणि डिलूका यांनी उंदरांतला एमएससारखा आजार ‘ड’च्या सक्रिय रूपाने रोखून दाखवला. मग माणसांची मोठी पाहणी आली. अमेरिकी सैन्यातल्या 70 लाखांहून अधिक लोकांच्या साठवलेल्या रक्तातले निवडक नमुने घेऊन, आजार होण्याआधीचं ‘ड’ मोजून, हार्वर्डच्या मंगर आणि अॅशेरियो यांनी 2006 मध्ये सांगितलं, की गोऱ्या सैनिकांत ज्यांचं ‘ड’ जास्त, त्यांना एमएसचा धोका कमी. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक सैनिकांत मात्र असा ठळक संबंध दिसला नाही. निबंधाचा हा दुसरा भाग पुढे फार कमी वेळा सांगितला गेला. आपल्यासाठी खरं तर तोच महत्त्वाचा.

आता हा विचार धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याला आणून पाहावा. गाव कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साधारण 21 अंशांवर. मेच्या शेवटी आणि जुलैच्या मध्याला सूर्य अगदी डोक्यावर येतो. बोस्टनमध्ये नोव्हेंबर ते फेब्रुवारी कातडीत ‘ड’ तयारच होत नाही, हे 1988 मध्ये सिद्ध झालं. इथे असा एकही महिना नाही. इथल्या उन्हावर मिरचीच्या पथारी वाळतात, आणि याच जिल्ह्यात साक्रीजवळ 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प उभा राहिला. तरीही मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत सुमारे 70 टक्के धडधाकट तरुणांत ‘ड’ची कमतरता निघाली. ऊन आभाळात असणं वेगळं आणि अंगावर पडणं वेगळं. सावळ्या कातडीला जास्त वेळ लागतो. खानदेशात तर ज्या भरदुपारी ‘ड’ बनतं, त्याच वेळी माणूस सावलीला जातो, आणि शेतात निघालेली बाई पदर, रुमाल, पूर्ण बाह्यांचा सदरा असं सगळं अंग झाकून निघते. पंचेचाळीस अंशांत ते शहाणपणाचंच आहे. सकाळचं कोवळं ऊन सुखावतं, पण तिरप्या किरणांत ‘ड’ बनवणारा भाग फार थोडा असतो.

म्हणजे सिद्धान्त सरळ लावला तर आपल्याकडे एमएसची साथच असायला हवी होती. तशी ती नाही. मंगळुरूतल्या पाहणीत लाखामागे सुमारे आठ रुग्ण सापडले. उत्तर युरोप आणि कॅनडात हा आकडा शंभराच्या पुढे जातो. मुंबईतल्या पारशी समाजात मात्र डॉ. नोशीर वाडिया आणि भाटिया यांना 1990 मध्ये लाखामागे वीसहून अधिक रुग्ण आढळले. ऊन तेच, हवा तीच, शहर तेच, वेगळं रक्त. त्याच वर्षी इंग्लंडमधून उलट बाजूची बातमी आली. एलियन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की भारतीय उपखंडातून गेलेल्या आईबापांत एमएस विरळ, पण त्यांच्या इंग्लंडमध्ये जन्मलेल्या मुलांत तो गोऱ्या मुलांइतकाच. इथे रक्त तेच, वेगळी जन्मभूमी. 1990 चे हे दोन निबंध शेजारी ठेवले, की एकाच कारणाचा हट्ट टिकत नाही. 2022 मध्ये तिसरा धागा पक्का झाला: एप्स्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका 32 पटींनी वाढतो. आपल्याकडे हा संसर्ग अगदी लहानपणीच होऊन जातो, पाश्चात्त्य देशांत पुष्कळांना तरुणपणी. ‘ड’ या गुंत्यातला एक धागा आहे, खरा, पण एकटा नव्हे.

मग औषध म्हणून त्याचा उपयोग किती? 2023 मधल्या अमेरिकी चाचणीत नेहमीच्या औषधाबरोबर रोज 5000 युनिट घेणाऱ्यांना 600 युनिट घेणाऱ्यांपेक्षा कमी झटके आले नाहीत. 2025 मध्ये फ्रान्समधून वेगळा निकाल आला. आजाराच्या पहिल्याच खुणेनंतर दर पंधरवड्याला एक लाख युनिट दिलेल्यांपैकी 60 टक्क्यांत आजार पुन्हा सक्रिय दिसला, नुसती दिसायला तशीच, पण औषध नसलेली मात्रा घेणाऱ्यांपैकी 74 टक्क्यांत. मला हा फरक आशादायक वाटतो. पण तो फ्रान्सच्या उन्हातला, देखरेखीखालचा, अगदी सुरुवातीच्या रुग्णांतला आहे. त्याच्या बळावर घरी बसून ‘ड’च्या 60 हजार युनिटांच्या पुड्या फोडत राहिलं, तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

माझी काळजी तालुक्याच्या गावातल्या त्या तरुण मुलीबद्दल आहे, जिची एका डोळ्याची नजर अचानक अधू होते. रक्त तपासलं की ‘ड’ कमी निघणारच, कारण इथे ते बहुतेकांचं कमी असतं. तो आकडा तिच्या डोळ्याबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. सांगण्यासारखं असेल ते एमआरआयमध्ये आणि अँटिबॉडीच्या तपासणीत. कारण हुबेहूब एमएससारखा दिसणारा न्यूरोमायलायटिस ऑप्टिका हा आजार 2004 मध्ये सापडलेल्या अँटिबॉडीमुळेच वेगळा ओळखता येतो, आणि एमएसची काही औषधं त्यात अपाय करतात. ‘ड’ कमी असेल तर ते हाडांसाठी भरून काढावंच. पण पुडी लिहून दिली म्हणून धुळ्याला, नाशिकला किंवा सुरतेला मेंदूविकारतज्ज्ञाकडे जाणं महिनाभर पुढे ढकलू नये. तिला त्याच आठवड्यात पाठवावं.