रंग भिंतीत की पाहण्यात?

एकमेकींना लागून असलेल्या दोन भिंतींपैकी एक पांढरी आणि दुसरी गडद निळी रंगवली, की दोन्ही रंग परस्परांवर परिणाम करू लागतात. पांढरी भिंत आपल्यावर पडलेला बहुतेक प्रकाश परतवते, गडद निळी फारच थोडा. कोपऱ्याजवळ पांढऱ्यावर निळसर झाक येते. रात्री पिवळ्या दिव्याखाली निळा काळपट दिसतो. पांढरा मात्र पिवळसर झाला तरी पांढराच वाटतो. करड्या रंगाचा एकच पट्टा दोन्हींवर ओढला, तर तो निळ्यावर उजळ आणि पांढऱ्यावर मळका दिसतो. शेजारच्या रंगांचा हा परिणाम पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात काम करणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्रल यांनी १८३९ च्या ग्रंथात तपशीलवार मांडला. यातून तत्त्वज्ञानातला जुना प्रश्न उभा राहतो : रंग नेमका असतो कोठे?

न्याय-वैशेषिकांच्या मते रूप हा द्रव्यात राहणारा आणि फक्त डोळ्यांना कळणारा गुण आहे. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त रूपाचे सात प्रकार सांगितले आहेत, शुक्ल आणि नील हे त्यांतले पहिले दोन. जास्वंदीजवळचा स्फटिक लाल दिसतो, पण लाल होत नाही. फूल ही केवळ उपाधी, म्हणजे जवळ असल्याने आपला गुण दुसऱ्यावर भासवणारी वस्तू. त्याच न्यायाने कोपऱ्यातली निळी झाक पांढऱ्या भिंतीची नव्हे.

विज्ञानवादी बौद्धांची भूमिका याच्या उलट आहे. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने उदाहरण निळ्याचेच घेतले : नील आणि नीलाचे ज्ञान नेहमी बरोबरच प्रत्ययाला येतात, म्हणून ते वेगळे मानण्याचे कारण नाही. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक मधली वाट काढतो. त्याच्या मते वस्तूत असते ती विशिष्ट संवेदना उत्पन्न करण्याची शक्ती. आपल्याला जाणवतो तसा निळेपणा वस्तूत नसतो.

रंग केवळ ज्ञानातच असेल, तर शेडकार्डावरून मागवलेला डबा ग्राहक, दुकानदार आणि रंगारी या तिघांनाही निळाच का दिसतो, याचे उत्तर विज्ञानवाद्याला द्यावे लागते. तो वासनांच्या, म्हणजे पूर्वीच्या ज्ञानाने मागे ठेवलेल्या संस्कारांच्या, साम्याकडे बोट दाखवतो. रंग केवळ भिंतीत असेल, तर एकच करडा पट्टा दोन तऱ्हांनी का दिसतो, हे नैयायिकाला सांगावे लागते. तो उपाधीचा आधार घेतो; पण प्रत्येक पट्ट्याला कोणती ना कोणती पार्श्वभूमी असतेच, त्यामुळे उपाधीविरहित रंग पाहायला मिळत नाही.

म्हणून दोन बाबी वेगळ्या कराव्या लागतात. प्रकाश परतवण्याची क्षमता प्रत्येक भिंतीची स्वतःची असते. ती दिवा बदलल्याने बदलत नाही. दोन रंगांमधला दिसणारा विरोध मात्र एकट्या पांढऱ्यात नसतो आणि एकट्या निळ्यातही नसतो. दोन भिंती, प्रकाश आणि पाहणारा यांच्या संबंधातून तो निर्माण होतो.