आधी कलश, मग नवी मूर्ती

खालापूर तालुक्यातल्या महडला वरदविनायकाच्या गाभाऱ्यात दोन मूर्ती दिसतात. एक शेंदूर चढवलेली, डाव्या सोंडेची. दुसरी पांढऱ्या संगमरवराची, उजव्या सोंडेची. परंपरा सांगते की १६९० मध्ये देवळामागच्या तळ्यात मूर्ती सापडली आणि १७२५ मध्ये सुभेदार रामजी महादेव बिवलकर यांनी देऊळ बांधले. पाण्यात पडून राहिलेला दगड झिजणारच. अष्टविनायकाच्या यात्रेला आलेल्यांपैकी एखादा चिकित्सक माणूस मग हळूच विचारतो, यातला मूळ गणपती कोणता? झिजलेला दगड, त्यावरचा शेंदूर, की शेजारचा गुळगुळीत संगमरवर? आणि रूप बदलूनही देव तोच राहत असेल, तर ‘तोच’ म्हणजे नेमके काय टिकते?

शास्त्रीपंडितांनी हा प्रश्न शतकानुशतके घोळवला. गेल्या चाळीसेक वर्षांत तो आणखी एका जमातीपुढे येऊन ठाकला आहे आणि त्या जमातीला तो धार्मिक आहे याची गंधवार्ताही नाही. सी भाषेत चित्रांच्या फाइलींची लायब्ररी लिहिणारे हे लोक.

संगणकाच्या मेमरीत चित्र असते तेव्हा त्याला रूप असे नसतेच. शून्य ते दोनशे पंचावन्न या दरम्यानच्या आकड्यांची एक लांबलचक रांग, बस्स. एका ठिपक्याला तीन आकडे: लाल, हिरवा, निळा. ओळ कुठे संपते, वर कुठले आणि खाली कुठले, हे त्या रांगेकडे नुसते पाहून कळत नाही. त्या रांगेला डिस्कवर उतरवून जगाला दिसेल असे रूप द्यायचे काम लायब्ररीतल्या फाइल लिहिणाऱ्या फंक्शनचे. निर्गुणाला सगुण करण्याची इतकी रोकडी जागा दुसरी सापडणे कठीण.

आणि सगुण करताना दर पावलाला निवड करावी लागते. महडच्या शेंदराचा रंग धरा २५५, ७७, ०. लाल भरपूर, हिरवा थोडा, निळा अजिबात नाही. हा ठिपका बीएमपी या जुन्या प्रकारच्या फाइलीत लिहायचा तर क्रम उलटा: आधी निळा, मग हिरवा, मग लाल. हे विसरून मेमरीतले आकडे जसेच्या तसे ओतले की शेंदरी गणपती झगझगीत निळा होतो. बीएमपीत ओळीही सहसा खालून वर लिहितात. ते चुकले तर देव डोक्यावर उभा. शिवाय प्रत्येक ओळीची लांबी चारच्या पटीत भरावी लागते. तीन ठिपक्यांच्या ओळीचे नऊ बाइट होतात, त्यापुढे तीन रिकामे बाइट टाकून बारा करायचे. ते टाकले नाहीत तर पुढची प्रत्येक ओळ थोडी थोडी सरकते आणि सगळी मूर्ती तिरपी होऊन वाहून गेल्यासारखी दिसते. मेमरीतला एकही आकडा चुकलेला नसतो. चुकतो तो फक्त करार, लिहिणाऱ्याने पाहणाऱ्याशी केलेला.

सोंडेची गोष्ट आणखी गमतीची. मोबाइलचा कॅमेरा पुष्कळदा चित्र आडवेच साठवतो आणि सोबत एक खूण ठेवतो की दाखवताना अमुक बाजूला फिरवा. या खुणेला एक ते आठ असे आठ आकडे आहेत आणि त्यांतले चार आरशातल्यासारखी उलटापालट सांगतात. लिहिणाऱ्या फंक्शनने ठिपके इमानाने उतरवले, पण ही खूण गाळली, तर डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होऊ शकतो. आपल्याकडे उजव्या सोंडेचा गणपती कडक मानतात. त्याचे सोवळेओवळे सांभाळणे येरागबाळ्याचे काम नाही असे घरोघरी सांगतात. म्हणजे एक आकडा गळला आणि देवाचा स्वभाव बदलला! मूर्तिशास्त्र फाइलीच्या हेडरमध्ये इतके खोल उतरले असेल असे पेणच्या मूर्तिकारालाही वाटणार नाही.

यावर मीमांसक हसतील. शबरस्वामींनी जैमिनीच्या सूत्रांवर भाष्य करताना स्पष्टच म्हटले की देवतेला शरीर नाही; यज्ञात देवता आहे ती मंत्रातल्या शब्दापुरती. शंकराचार्यांना हे मान्य नव्हते. ब्रह्मसूत्रांच्या भाष्यात त्यांनी देवतांना देह असतो, एकाच वेळी अनेक रूपे घेता येतात, या बाजूने युक्तिवाद केला. पांचरात्र परंपरेतले वैष्णव आणखी पुढे गेले. परमेश्वराच्या पाच रूपांत त्यांनी ‘अर्चा’ म्हणजे पूजेतली मूर्ती हेही एक रूप धरले. या रूपात देव भक्ताच्या हाती लागतो. त्याने न्हाऊ घातले तर न्हातो, झोपवले तर झोपतो. प्रोग्रामर मंडळींत हे तिन्ही पंथ आहेत. आकडे शाबूत म्हणजे चित्र शाबूत, असे म्हणणारे मीमांसक. एकच चित्र पीएनजी, टिफ, बीएमपी अशा अनेक देहांत एकाच वेळी नांदते, असे म्हणणारे शांकर. आणि चित्र म्हणजे शेवटी पडद्यावर माणसाला दिसते ते, असा हट्ट धरणारे अर्चावादी. यांच्या भांडणात अर्चावाद्यांकडे जरा जास्त कान द्यावा. निळा गणपती पाहून ‘आकडे तर बरोबर आहेत’ असे म्हणणाऱ्याला घरच्या वडीलधाऱ्यांपुढे उभे करून पाहावे.

मूर्ती भंगली किंवा फार जीर्ण झाली की शास्त्राने जीर्णोद्धाराचा विधी सांगितला आहे. जुन्या मूर्तीतले देवत्व आधी मंत्रपूर्वक पाण्याने भरलेल्या कलशात बोलावतात. काही काळ देव त्या कलशात, रूपावाचून, राहतो. नवी मूर्ती तयार झाली की कलशातून तिच्यात प्रतिष्ठा होते आणि जुनीचे विसर्जन होते. जगन्नाथपुरीच्या लाकडी मूर्तीही बदलतात, त्याला नवकलेवर म्हणतात; अलीकडचे २०१५ मध्ये झाले. आधी कलश, मग नवी मूर्ती, शेवटी विसर्जन: सीमध्ये नवशिका नेमका याच क्रमात फसतो. जुन्या चित्रात थोडा बदल करून ते त्याच नावाने साठवायचे म्हणून तो एफओपन या फंक्शनला फाइल ‘लिहिण्यासाठी’ उघडायला सांगतो. त्या क्षणी जुनी फाइल शून्य बाइटची होते. नवे लिहिताना वीज गेली, डिस्क भरली, प्रोग्राम कोसळला, तर जुने गेले आणि नवे आलेच नाही. म्हणून जाणते लोक नवे चित्र तात्पुरत्या नावाने शेजारी लिहितात, ते पूर्ण झाल्याची खातरी करतात आणि मगच नाव बदलून जुन्याच्या जागी बसवतात. आगमकारांना डिस्क माहीत नव्हती, पण देव क्षणभरही बेघर होता कामा नये हे पक्के माहीत होते.

देह बदलला तरी जुन्या देहाच्या खुणा मागे राहतात. कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे गावाजवळ बौद्ध लेणी आहेत, दोन हजार वर्षांपूर्वीची. चैत्यगृहाचे दर्शनी अंग पाहिले की लाकडी इमारतीची याद येते. कमानी, कठडे, वाशांची टोके, सगळे सुताराच्या हातचे वाटते आणि आहे सगळा कातळ. ते वासे काहीच पेलत नाहीत. लाकडात होते म्हणून दगडात आले. फाइलींतही असे वासे असतात. पीएनजीची फाइल उघडली तर पहिले आठ बाइट असतात १३७, ८०, ७८, ७१, १३, १०, २६, १०. पहिल्यानंतरचे तीन आकडे ‘पीएनजी’ ही अक्षरे. त्यांच्या पुढचे १३ आणि १० पूर्वी फाइली पाठवताना ओळींची टोके बिघडत ते पकडण्यासाठी. २६ कशाला? जुन्या डॉस यंत्रावर कुणी ही फाइल मजकूर म्हणून पडद्यावर काढली तर तिथेच थांबावी म्हणून. डॉस गेले, २६ राहिला. आजही पीएनजी लिहिणारे प्रत्येक फंक्शन तो दगडी वासा इमानेइतबारे कोरते. १९९५ मध्ये जिफमधल्या कॉम्प्रेशनच्या पेटंटवरून वाद पेटला म्हणून पीएनजी जन्माला आले, त्या वेळच्या धास्तीही त्यात कोरल्या गेल्या.

कोंडाण्याच्या त्या दर्शनी भागात ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे: हे कण्हाचा शिष्य बलुक याने केले. आतल्या स्तूपावर बुद्धाची मूर्ती नाही. त्या काळच्या बौद्धांनी बुद्धाचे मनुष्यरूप कोरलेच नाही. स्तूप, चक्र, रिकामे आसन एवढ्यावर भागवले. ज्याचे रूप काढायचे त्याचे काढले नाही, आणि काढणाऱ्याने मात्र नाव घातले. हा विरोधाभास वरवरचा आहे. रूप देण्यात जबाबदारी असते आणि जबाबदारी घेणाऱ्याचे नाव असावे, हे बलुकाला कळत होते. चांगल्या लायब्रऱ्यांतही हेच दिसते. जेपीईजीची लायब्ररी म्हटली की टॉम लेन आणि त्यांचा गट, टिफ म्हटले की सॅम लेफ्लर.

जेपीईजीचा मार्ग मात्र वेगळा. ते चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे चौकोन पाडते, प्रत्येकाचे गणिती रूपांतर करते आणि माणसाच्या डोळ्याला सहसा न जाणवणारे बारकावे टाकून देते. टाकलेले परत मिळत नाही. तीच फाइल उघडून, थोडी फिरवून, पुन्हा जेपीईजीत साठवली की पुन्हा काही जाते. मूर्तींचेही असे होते, पण उलट्या दिशेनेही. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीवरचा शेंदराचा जाड थर काढला तेव्हा खालचे वेगळेच रूप भक्तांसमोर आले. पिढ्यान्‌पिढ्या पूजा करणाऱ्यांनी प्रेमाने एकेक थर चढवला होता. पंढरपूरला विठ्ठलाच्या पायांवर रोज हजारो माथी टेकतात, दगड झिजतो, आणि झीज थांबवायला २०२० मध्येही वज्रलेप केला गेला.

इथे ही सगळी तुलना अडखळते, आणि ते कबूल केले पाहिजे. फाइल झिजली तर ती बिघडलेली फाइल. विठ्ठलाचे पाय झिजले तर त्या झिजेतच भक्तीची नोंद असते. ती भरून काढताना काही जणांना चुकल्यासारखे वाटते ते उगाच नव्हे. मीमांसकाचे आकडे इथे कामी येत नाहीत. स्पर्श आकड्यात उतरत नाही.

कोंडाण्याहून घाट चढून पलीकडे मळवलीला मात्र आकड्यांच्या बाजूचा पुरावा आहे. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला आला. एकेका रंगासाठी वेगळा दगड, त्यावर चित्राचा तेवढाच अंश, आणि एकावर एक छापून तयार झालेली लक्ष्मी-सरस्वती देशभर घरांत गेली. काम झाले की शिळाछापाचे दगड घासून पुन्हा वापरायची रीत असे. देव्हाऱ्यातल्या त्या कागदापुढे दिवा लागला तेव्हा ‘मूळ कुठले’ असे कुणी विचारले नाही. मूळ चित्र एका तैलरंगाच्या चौकटीत होते, पण नमस्कार कागदाला झाला आणि तो पोचत नाही असे कुणालाही वाटले नाही.

म्हणून महडच्या चिकित्सकाला उत्तर द्यायचे झाले तर असे देता येईल: दोन्ही मूळ, कारण दोन्हींची प्रतिष्ठा विधीने झाली, आणि विधी म्हणजे कराराची पूर्तता. अर्धवट विधी मात्र चालत नाही. सीच्या एफराइटने ‘लिहिले’ असे सांगितले तरी बाइट अजून मधल्या साठ्यात असू शकतात. डिस्क भरल्याचे पुष्कळदा एफक्लोज सांगतो, आणि त्याचे उत्तर न तपासणारे फंक्शन अर्धीमुर्धी फाइल ‘झाली’ म्हणून हाती ठेवते. हा आळस अक्षम्य आहे. वाचणाऱ्या फंक्शनने वाकड्यातिकड्या फाइलीही समजून घ्याव्यात. लिहिणाऱ्याने एकही वाकडा बाइट बाहेर सोडू नये.

तेव्हा घरातले जुने कुलदैवताचे चित्र किंवा आजोबांचा एकुलता एक फोटो स्कॅन करणार असाल, तर मूळ प्रत पीएनजी किंवा टिफमध्ये ठेवा. नातेवाइकांना वाटायला जेपीईजी काढा, आणि त्या जेपीईजीवर पुन्हा पुन्हा काम करू नका. गणपती असेल तर पाठवण्याआधी सोंड कोणत्या बाजूला आहे तेवढे एकदा पाहून घ्या.