तेव्हा तुम्ही कुठे होता?

मागच्या चैत्रात मी अमरावतीहून अकोल्याला चाललो होतो. बडनेऱ्याला गाडी बदलली, दैवयोगाने खिडकीपाशी जागा मिळाली, आणि कुरूम मागे पडते न पडते तोच समोरच्या बाकावर वाद पेटला. कुठल्याशा माजी मंत्र्यावरचा खटला चालवण्यासाठी विशेष सरकारी वकील नेमावा, अशी मागणी झाल्याची बातमी एका तरुणाने मोठ्याने वाचून दाखवली आणि वर "बरं झालं, लई माजला होता" असा आपला निकालही देऊन टाकला. शेजारी धोतर-टोपीतले एक वृद्ध गृहस्थ बसले होते. मांडीवरची पिशवी सावरत ते म्हणाले, "अन् थो खुर्चीवर होता तवा तुमी कोठी होते, बाप्पा? मेल्या सापाले काठी हाणाले काय लागते?"

"मंग सोडून द्याचं काय, आबाजी?" तरुण म्हणाला.

"म्या सोडा म्हटलं काय? म्या इचारलं, कोठी होते."

मूर्तिजापूर आले, चहावाला आला, आणि वाद तिथेच राहिला. पण तो प्रश्न माझ्या मनात रुतून बसला. त्याला कारण होते. मी अकोल्याला ज्या कामासाठी निघालो होतो ते काम नेमके तसलेच होते. ते काय, हे पुढे सांगतो.

फराळाच्या ताटाशेजारी ठेवायच्या अंकात असला कडू विषय कशाला, असे वाचक भगिनी म्हणतील. पण ज्या सणासाठी आपण पहाटे उठून अभ्यंगस्नान करतो, त्याची कथा तरी काय आहे? नरकासुर मारला गेला तो राज्यावर असताना. पदच्युत होऊन, पेन्शन घेऊन, नातवंडांत रमल्यावर कुणी त्याला गाठला असता, तर आपण दिवे लावले असते की नाही, याची मला शंका आहे.

सत्तेवरून उतरलेल्या माणसाविषयी आपल्या मनात दोन भावना एकदम नांदतात. एक म्हणते, पडलेल्याला लाथ मारू नये. दुसरी म्हणते, आता सापडला आहे तर सोडू नये. पहिलीला आपण माणुसकी म्हणतो, दुसरीला न्याय. मास्तरकीत निम्मे आयुष्य गेल्यावर मला दोन्ही शब्दांचा भरवसा वाटेनासा झाला आहे. वर्गातल्या दांडगट मुलाला एकदा शिक्षा झाली, की वर्षभर त्याचे डबे मुकाट्याने वाहणारी पोरे तावातावाने त्याच्या कागाळ्या घेऊन येतात. त्या कागाळ्या बहुधा खऱ्या असतात. पण ती पोरे न्याय मागायला आलेली नसतात; आपण डबे वाहिले ही लाज त्यांना पुसून टाकायची असते.

दर वर्षी मी मुलांना रामशास्त्री प्रभुण्यांची गोष्ट सांगतो. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथराव गादीवर बसले. रामशास्त्र्यांनी चौकशी केली, दोष खुद्द रघुनाथरावांवर ठेवला, त्याला देहान्त प्रायश्चित्तावाचून दुसरे प्रायश्चित्त नाही असे सांगितले आणि पुणे सोडले. गोष्ट सांगून झाली की मुले टाळ्या वाजवतात आणि तास संपतो. एकदा मात्र एका मुलीने हात वर केला. "सर, वाड्यात बाकीची माणसं नव्हती का?" मी म्हणालो, होती, पुष्कळ होती. "मग ती काय करत होती?" घंटा झाली म्हणून मी सुटलो.

शास्त्रीबोवांचे मोठेपण निकालात आहे, त्याहून अधिक त्याच्या वेळेत आहे. रघुनाथराव बारभाईंच्या कारस्थानाने सत्तेबाहेर पडल्यावर तोच निकाल कुणीही दिला असता.

पण आपण रामशास्त्री नाही. आपल्यासारख्यांच्या राज्यात मग काय करायचे? महाराष्ट्रापुढे हा प्रश्न अंतुले यांच्या वेळी उभा राहिला. बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले 1980 साली मुख्यमंत्री झाले. सिमेंटचे वाटप आणि त्यांच्या प्रतिष्ठानाला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध असल्याचा आरोप झाला. 12 जानेवारी 1982 रोजी न्यायमूर्ती लेंटिन यांनी तो संबंध असल्याचा निर्णय दिला आणि अंतुले पायउतार झाले. मला त्यातली ध्यानात ठेवावीशी वाटणारी गोष्ट निराळीच आहे. रामदास नायक या मुंबईतल्या भाजप कार्यकर्त्याने फौजदारी तक्रार गुदरली ती 1981 सालच्या सप्टेंबरात, म्हणजे अंतुले खुर्चीवर असताना. नायक विरोधी पक्षाचे होते, त्यांचा हेतू निर्मळ होता की राजकीय, हे मी काय सांगू? पण आबाजींच्या प्रश्नाला त्यांच्याजवळ उत्तर होते.

त्यांना मिळाले काय? प्रथम न्यायालयाने सांगितले, राज्यपालांची मंजुरी आणा. राजीनाम्यानंतर मंजुरीही मिळाली. मग 16 फेब्रुवारी 1984 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की ज्या पदाचा दुरुपयोग झाला असे म्हणता, ते पद गेल्यावर मंजुरीची गरजच उरत नाही. खुर्ची गेली की चिलखतही गेले. त्याच न्यायालयाने खटला उच्च न्यायालयाकडे सोपवला होता. 1988 साली सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने तो आदेश चुकीचा ठरवला. अंतुले यांना त्यात शिक्षा झाली नाही, आणि पुढे ते केंद्रात मंत्रीही झाले. 2018 साली भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा दुरुस्त झाला. पदावरून गेलेल्या लोकसेवकालाही पदावर असतानाच्या कृत्याबद्दल मंजुरीचे संरक्षण मिळाले. म्हणजे चिलखत आता घरी नेता येते.

विशेष सरकारी वकिलाचे महत्त्व इथे कळते. निदान दहा वर्षे वकिली केलेला माणूस एखाद्या खटल्यापुरता नेमावा, एवढीच कायद्याची अट आहे. त्याचे काम आरोपीला तुरुंगात घालणे नव्हे. खरे काय ते न्यायासनापुढे ठेवणे, मग ते आरोपीच्या सोयीचे असले तरी. हे झाले पुस्तकातले. व्यवहारात त्याला नेमते कोण? सरकार. आणि सरकार कोणाचे? आरोपीच्या शत्रूचे, नाही तर आरोपीचेच. यात विनोद नाही. तामिळनाडूच्या जयललिता यांच्यावर त्यांच्या 1991 ते 1996 च्या कारकिर्दीबद्दल बेहिशेबी मालमत्तेचा खटला चालू होता. 2001 साली त्या पुन्हा मुख्यमंत्री झाल्या. सत्तरांहून अधिक साक्षीदारांना पुन्हा पिंजऱ्यात बोलावण्यात आले, त्यांतले बहुतेक आपल्या साक्षीवरून फिरले, आणि सरकारी वकील हूं की चूं करीनात. करतील कसे? त्यांना नेमणाऱ्या सरकारच्या प्रमुख खुद्द आरोपी होत्या! नोव्हेंबर 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो खटला उचलून बंगलोरला नेला आणि विशेष सरकारी वकील कर्नाटक सरकारने नेमावा असे सांगितले. शिक्षा झाली ती 2014 साली. मध्ये उच्च न्यायालयाने निर्दोष ठरवले, आणि सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा शब्द येईपर्यंत बाई इहलोक सोडून गेल्या होत्या. उशीर झाला खरा. पण परक्या प्रांतातला वकील आणल्यावाचून तो खटला उभाच राहिला नसता.

या परकेपणाची एक कथा आमच्या जिल्ह्याशी जोडलेली आहे, आणि ती इथल्या पुष्कळ घरांत ठाऊक नाही. दर्यापूर तालुक्यातल्या दारापूरचे रा. सू. गवई, आमचे दादासाहेब, केरळचे राज्यपाल होते. अंतुले पायउतार झाले त्या वेळी ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते, तेव्हा तो सारा खेळ त्यांनी जवळून पाहिला असणार. 2009 साली त्यांच्या मेजावर एक फाइल आली. पिनराई विजयन विजेचे मंत्री असताना एका कॅनेडियन कंपनीशी जलविद्युत केंद्रांच्या दुरुस्तीचा करार झाला, त्यात सरकारचे शेकडो कोटींचे नुकसान झाले असा आरोप होता, आणि सीबीआयला खटल्याची परवानगी हवी होती. विजयन तेव्हा मंत्री नव्हते, पण सत्ताधारी पक्षाचे राज्य चिटणीस होते. त्या पक्षाच्या मंत्रिमंडळाने राज्यपालांना सल्ला दिला, परवानगी देऊ नका. दादासाहेबांनी जूनमध्ये परवानगी दिली.

केवढा गदारोळ झाला! मंत्रिमंडळाचा सल्ला डावलणारा राज्यपाल लोकशाहीचा की दिल्लीचा, असे विचारले गेले. प्रश्न खोटा नव्हता. राज्यपाल दिल्लीहून नेमले जातात, आणि बाहेरचा माणूस म्हणून आणलेला माणूस पुष्कळदा पलीकडच्या घराचा निघतो. तरीही आपल्याच पक्षाच्या पुढाऱ्याबद्दल मंत्रिमंडळाने निवाडा करावा, हे मला पटत नाही. 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातल्या दोन मंत्र्यांच्या प्रकरणात राज्यपालाला अशा वेळी स्वतःच्या बुद्धीने वागण्याची मुभा दिली होती, ती याच कारणाने.

पुढे 2013 साली विशेष न्यायालयाने विजयन यांना आरोपमुक्त केले, 2017 साली केरळ उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले, आणि सीबीआय सर्वोच्च न्यायालयात गेली. मग दादासाहेब चुकले काय? मला तसे वाटत नाही. त्यांनी विजयन यांना दोषी म्हटले नव्हते. दार उघडले होते. आणि त्या दारातून आत जाऊन न्यायालयाकडून जी मुक्तता विजयन यांना मिळाली, तिची सर मित्रांच्या मंत्रिमंडळाने दिलेल्या मुक्ततेला आली असती काय? ज्याच्यावर आरोप आहे, त्याच्यावरही हा एक उपकारच असतो. सोसताना तो तसा वाटत नाही, एवढेच.

आता माझ्या अकोल्याच्या खेपेविषयी. मी ज्या शिक्षणसंस्थेच्या शाळेत शिकवतो, तिचे सचिव अनेक वर्षे एकच होते. मला नोकरी त्यांनीच दिली. आमच्या हजेरीपटावर अशी पुष्कळ नावे होती, ज्यांचे चेहरे मी कधी पाहिले नाहीत. मी रोज त्यांची हजेरी मांडत असे. 2011 च्या ऑक्टोबरात सरकारने राज्यभर तीन दिवस पटपडताळणी केली, तेव्हा पटावर नसलेली मुले आणून वर्गात बसवली गेली आणि त्यांच्याकडून दुसऱ्यांची नावे पाठ करून घेण्याचे काम माझ्याकडे आले. एका पोराला आपले नवे नाव काही केल्या आठवेना. ते रडू लागले. मी त्याला बिस्कीट दिले आणि पुन्हा म्हणवून घेतले.

गेल्या वर्षी संस्थेच्या निवडणुकीत सचिवांचा गट पडला. नव्या मंडळाने एका निवृत्त न्यायाधीशांपुढे चौकशी लावली आणि मंडळाच्या वतीने आरोप मांडायला मला बोलावले. नवे अध्यक्ष म्हणाले, "मास्तर, तुम्हाला सगळं ठाऊक आहे. शिवाय तुम्ही कादंबऱ्या लिहिता. मांडणी झकास कराल." मला तो मान वाटला, हे कबूल केले पाहिजे. मी घरी येऊन मुद्देही काढले होते. सौभाग्यवतींनी ते वाचले आणि एवढेच विचारले, "यात तुमचं नाव कुठं आहे?"

गाडी अकोल्याला लागेपर्यंत माझे ठरले होते. संस्थेच्या कार्यालयात गेलो आणि अध्यक्षांना सांगितले, आरोप मांडायला बाहेरचा वकील आणा, ज्याने या शाळेचा पगार घेतलेला नाही असा; मी साक्ष देईन. ज्याला ठाऊक आहे तो गप्प बसलेला असतो, आणि जो गप्प बसला नाही त्याला बहुधा काही ठाऊक नसते. म्हणून ही दोन कामे एका माणसाची नव्हेत, असे काहीसे मी बोललो. अध्यक्षांना ते आवडले नाही. माझी भीड मोडवत नाही, जुन्या साहेबांचे मीठ खाल्ले आहे, असा त्यांनी अर्थ काढला. थोडासा तोही खरा असेल.

आषाढात साक्ष झाली. जुने सचिव आपली बाजू स्वतःच मांडत होते. थकलेले दिसले, हातात काठी आली होती. मी हजेरीपटाविषयी सांगितले, त्या तीन दिवसांविषयी सांगितले. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मास्तर, हे सगळं चाललं होतं तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"वर्गात होतो, साहेब. हजेरी घेत होतो."

न्यायाधीशांनी लेखनिकाला ते जसेच्या तसे उतरून घ्यायला सांगितले. त्या रडणाऱ्या पोराचे खरे नाव काय होते, असेही त्यांनी मला विचारले. ते मला सांगता आले नाही. मग लेखनिकाने कागद पुढे सरकवले आणि मी प्रत्येक पानाखाली सही केली.